माळावरचं गोऱ्यांचं कबरस्थान आणि बारा रीडिंग

आधीच सांगतो, या सदरातले निम्म्याहून जास्त अनुभव मला थापा वाटतात. पांढरी साडी, उलटे पाय, गाडीची काच खाली करायला लावणारी बाई... एकाला आली की दुसऱ्या आठवड्यात दहा जणांना येते. लिहिणाऱ्याला झोप येत नसते आणि वाचणाऱ्याला काम नसतं, असं माझं मत आहे. ते आजही तसंच आहे. त्यामुळे खाली "मलाही असंच झालं होतं" असं कोणी लिहू नये ही विनंती. तुम्हाला काय झालं होतं ते मला ऐकायचं नाही.

मी धुळ्याला देवपुरात राहतो. वय एकोणपन्नास. जमीन मोजणीचा खासगी व्यवसाय — शेत, प्लॉट, रस्ता, काय म्हणाल ते. पंचवीस वर्षं उन्हात काढली आहेत. स्मशानं मोजली, गावठाणं मोजली, भुताचा माळ म्हणून ज्याला हात लावायला कोणी तयार नव्हतं तोही मोजला. तिथे मला फक्त साप दिसले.

ही गोष्ट तीन-चार वर्षांपूर्वीची, एप्रिलमधली. एका सोलर प्रकल्पासाठी धुळे आणि पारोळ्याच्या मधला एक माळ मोजायचा होता. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथे आधीच नारळवाल्यांची गर्दी सुरू झाली आहे. हायवे सोडून उत्तरेला अकरा किलोमीटर आत. नजर जाईल तिथपर्यंत वाळलेलं गवत, मधूनमधून हिवर आणि बोरीची झुडपं, आणि माळाच्या उंचवट्यावर काळ्या घडीव दगडाची, छातीइतक्या उंचीची चौकोनी भिंत. आत गोऱ्यांचं कबरस्थान. इंग्रजांची छावणी होती म्हणे तिथे कधीकाळी. माणसं तापाने मेली आणि तिथेच पुरली. चौदा कबरी. त्यातली एक तर दोन हातांएवढीच, लहान मुलाची. नावांच्या संगमरवरी पाट्या लोकांनी कधीच उचलून नेल्या आहेत. फाटकाची नुसती मोकळी जागा, आणि एका कोपऱ्यात भिंत ढासळून माणूस जाईल एवढी फट पडलेली. प्रकल्पात ही जागा सोडायची होती, म्हणून भिंतीचे चार कोपरे आणि प्रत्येक कबरीचा एक पॉइंट घ्यायचा, एवढंच काम. जेमतेम दीड तासाचं.

माझ्यासोबत जावेद होता. जावेद पारोळ्याचा. बत्तीस-तेहतीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप, चार वर्षं माझ्याकडे काम करत होता. ज्यांना मोजणी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी तिकाटण्यावरच्या मशीनपाशी उभा राहतो. जावेद एक उंच दांडा घेऊन ज्या जागेचं माप हवं तिथे उभा राहतो. दांड्यावर काचेचा प्रिझम असतो. दांडा अगदी सरळ धरायचा, प्रिझम मशीनकडे वळवायचा, मी दुर्बिणीतून नेम धरून बटण दाबतो. रीडिंग आलं की तो पुढच्या जागेवर. दांडा आपला आपण उभा राहत नाही. माणूसच लागतो, आणि तोही शिकलेला.

तिसरा माणूस दगा आबा. सत्तरीचे, गुडघ्याने अधू. शिवार दाखवायला ग्रामपंचायतीने दिले होते. माळावर गाडी थांबली तशी त्यांनी गाडीच्या सावलीत बैठक मारली आणि म्हणाले, "मी मजार येवाव नही, साहेब."

"आत येणार नाही? का, काय आहे तिथे?"

"रुमाल्या शे तठे."

रुमाल्या कोण, हे मी विचारलं नव्हतं. तरी आबांनी सांगितलंच. रुमाल्या नाईक हा त्या भागातला जुना बंडखोर. सरकारी धान्याच्या गाड्या लुटायचा आणि वस्त्यांवर वाटायचा. त्याला पकडायला गोऱ्यांची छावणी माळावर येऊन बसली. तीन महिने डोंगर पालथे घातले, रुमाल्या सापडेना. आणि रुमाल्या होता कुठे? छावणीतच. मजूर म्हणून कामाला लागला होता, तापाने मेलेल्या गोऱ्यांच्या कबरी खोदायच्या कामाला.

"बठ्ठा सायब त्याले धुंडेत," आबा म्हणाले, "आनि तो त्यासन्याच कबरी खंदे. रोज समोर उभा ऱ्हाये. पन कोनी वळखं नही."

शेवटी कोणीतरी फितूर झालं, त्याला तिथेच गोळी घातली आणि कुठेतरी पुरला. कुठे, ते कोणालाच माहीत नाही.

"तीन महिने?" मी म्हणालो. "आबा, तो साहेब आंधळा होता की दारुडा?"

आबा हसले नाहीत. ते जावेदकडे बघत होते. "याले रोजा शे ना? आता ऊन तपी. सांजले या, साहेब."

रमजानचे शेवटचे दिवस होते. अकरा वाजून गेले होते आणि पारा बेचाळीसच्या खाली नसेल. शहाण्या माणसाने त्या वेळी परत फिरायला हवं होतं. पण संध्याकाळी परत यायचं म्हणजे पुन्हा अकरा किलोमीटर धूळ खायची. आणि एका म्हाताऱ्याने भुताची गोष्ट सांगितली म्हणून काम पुढे ढकललं, असं कोणी म्हटलेलं मला चाललं नसतं. मी जावेदला विचारलंही नाही. "चल," एवढंच म्हणालो. त्याने डोक्याला आणि तोंडाला पंचा गुंडाळला, नारिंगी जॅकेट चढवलं आणि दांडा उचलला.

मशीन मी भिंतीबाहेर, साधारण साठ मीटरवर, उंचवट्यावर लावलं होतं. तिथून भिंतीवरून आतलं सगळं दिसत होतं. माझ्या डोक्यावर छत्री होती. जावेदच्या डोक्यावर अर्थातच नव्हती.

चार कोपरे झाले. पहिली कबर झाली, दुसरी झाली. तिसऱ्या कबरीपाशी दांडा हलायला लागला. मी ओरडलो, "अरे, सरळ धर!"

"साहेब, चक्कर येते आहे थोडी," तो तिकडून म्हणाला. "पाच मिनिटं बसू का?"

आता मी जे बोललो ते लिहितो. लपवायचं असतं तर हे लिहायलाच घेतलं नसतं. मी म्हणालो, "कोणी सांगितलं होतं उपाशी मरायला? पाणी पी ना! इथे बघायला कोण आहे? हे मेलेले गोरे?"

त्याने दांडा सरळ केला. मी रीडिंग घेतलं. मग मशीनची बॅटरी उतरली म्हणून मी खाली वाकलो. दुसरी बॅटरी बॅगेच्या तळाशी होती, ती काढली, लावली, मशीन पुन्हा सुरू होऊन ताळ्यावर यायला वेळ लागला. दहा-बारा मिनिटं गेली असतील. मान वर केली तर दांडा चौथ्या कबरीपाशी उभा. पंचा गुंडाळलेला माणूस, प्रिझम माझ्याकडे. मी नेम धरला, बटण दाबलं.

त्यानंतर काम जे चाललं ते चार वर्षांत कधी चाललं नव्हतं. जावेद चांगला माणूस, पण त्याचा दांडा नेहमी थोडा डुलतो. सूचना द्याव्या लागतात — डावीकडे, जरा मागे, हां. त्या दिवशी मला तोंड उघडावं लागलं नाही. मी बटण दाबायचो, डोळा बाजूला करून आकडा बघायचो, पुन्हा डोळा लावायचो तर दांडा पुढच्या कबरीवर. अगदी सरळ. जराही हलत नव्हता.

आणि माझी जीभ गप्प बसेना. मी तिथून ओरडत होतो, "बघ, जमतंय की! मघाशी नाटकं चालली होती! तुमची चक्कर बरोबर कामाच्या वेळी येते! उद्यापासून घरी बस, बायकोला पाठव!" आणि आणखीही काही, जे छापता येणार नाही. तो उत्तर देत नव्हता. रागावला असेल, असं मला वाटलं. रागावलेला माणूस चांगलं काम करतो, हेही वाटलं.

चौदा कबरी संपल्या. मी हात वर करून "बस" अशी खूण केली आणि पाण्याची बाटली उचलली. पुन्हा पाहिलं तर दांडा उभाच. कबरीपाशी नाही. ढासळलेल्या कोपऱ्यातून बाहेर, भिंतीच्या पलीकडे. दांड्याचा वरचा भाग, प्रिझम आणि पंचा बांधलेलं डोकं भिंतीवरून दिसत होतं.

"तिकडे काय आहे?" मी ओरडलो. "झालं! ये परत!"

दांडा जागचा हलला नाही. प्रिझम माझ्याकडेच वळवलेला.

"अरे, बहिरा झालास का?"

तरी नाही. आता हा मला मुद्दाम डिवचतो आहे, असं वाटून माझं डोकं फिरलं. त्या रागातच मी तेही रीडिंग घेतलं. का, ते माहीत नाही. हात सवयीने गेला. मग छत्री फेकली आणि तरातरा निघालो. खरं सांगतो, त्याच्या कानाखाली वाजवायची असं ठरवूनच निघालो होतो. पायाखाली बोरीचे काटे होते, म्हणून नजर खाली. भिंतीला वळसा घालून कोपऱ्यापाशी गेलो.

दांडा जमिनीवर आडवा पडला होता. त्याच्या शेजारी जावेद पडला होता.

अंग तव्यासारखं तापलेलं. घाम नाही, एक थेंब नाही. ओठ पांढरे, डोळे अर्धवट उघडे आणि वर गेलेले. श्वास कुत्र्यासारखा जलद. त्याचं नारिंगी जॅकेट काढून, घडी करून डोक्याखाली ठेवलेलं होतं. तोंड भिंतीच्या बाजूला वळवलेलं. भर दुपारी त्या भिंतीची सावली वीतभरच होती, त्या वीतभर सावलीत त्याचं तोंड होतं.

मी आबांना हाक मारली. मला वाटलं नव्हतं ते येतील. आले. गुडघा ओढत, पाण्याचा कॅन दोन्ही हातांनी छातीशी धरून, कबरस्थानाच्या मधून, सरळ, सगळ्यांत जवळच्या वाटेने आले. सगळं पाणी आम्ही त्याच्या अंगावर ओतलं. मग मी खांद्याखालून आणि आबांनी पायांकडून उचलला. गाडी पारोळ्याला कशी नेली ते मला आठवत नाही. आबा मागे बसून त्याला ओल्या धोतराच्या सोग्याने वारा घालत होते आणि सारखं म्हणत होते, "ऊठ भाऊ, ऊठ. पोरी वाट देखी ऱ्हायन्यात."

डॉक्टरांनी ताप पाहिला आणि मला बाहेर काढलं. तासाभराने ते आले आणि म्हणाले, "वाचेल. थोडक्यात वाचला. किती वेळ पडला होता?"

"पडला नव्हता," मी म्हणालो. "काम करत होता. दोन-चार मिनिटांपूर्वीपर्यंत."

डॉक्टरांनी मी वेडा असल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "या अवस्थेत माणूस उभा राहू शकत नाही. अर्धा तास तरी आडवा असणार."

मग मी गाडीत जाऊन फोन पाहिला. सकाळपासून तो सायलेंटवर, गाडीत चार्जिंगला होता. जावेदचे तीन मिस्ड कॉल. बारा वाजून नऊ मिनिटं, दहा मिनिटं, बारा मिनिटं.

मशीन प्रत्येक रीडिंगची वेळ नोंदवतं. चौथ्या कबरीचं रीडिंग बारा चौदाचं आहे. भिंतीबाहेरचं शेवटचं बारा एकेचाळीसचं. मधली सगळी धरून बारा रीडिंग. मी ती रात्रभर तपासली. नंतर आठवड्याने पुन्हा त्या माळावर जाऊन — सकाळी सात वाजता, दुसरा माणूस घेऊन — सगळे पॉइंट पुन्हा मोजले. एकही चूक नाही. कबरीच्या डोक्याकडच्या दगडाच्या बरोबर मध्यावर प्रत्येक वेळी दांडा टेकवलेला होता.

जावेद तिसऱ्या दिवशी नीट बोलायला लागला. मी खुर्ची ओढून बसलो. माफी मागायची होती, ती सुचेना. म्हणून आधी कामाचंच विचारलं.

"जावेद, किती कबरी केल्यास?"

"तीन, साहेब."

"नीट आठव."

"तीनच. मग मळमळायला लागलं. कबरीवर ओकणं बरं नाही, कोणाचीही असो... म्हणून दांडा भिंतीला टेकवून त्या फटीतून बाहेर गेलो. तिथे पाय गेले. तुम्हाला फोन लावला. मग बोटंही हलेनात."

"जॅकेट काढून डोक्याखाली तू घेतलंस?"

"बोटं हलत नव्हती म्हणतो ना, साहेब."

मग तो छताकडे बघत म्हणाला, "ऐकू सगळं येत होतं."

"काय?"

"तुम्ही बोलत होतात ते. नाटकं म्हणालात. बायकोला पाठव म्हणालात. मला वाटलं, मी दिसतोय तुम्हाला, तरी बोलताय. तेव्हा वाटलं, आता संपलं." तो पुढे म्हणाला, "मग कोणीतरी अगदी कानाशी बोललं. अहिराणीत. 'थांब. मी आनस त्याले.' मला वाटलं आबा आहेत."

आबा नव्हते. आबा गाडीपाशी होते, माझ्या मागे, आणि त्यांच्या खोकल्याचा आवाज मला सगळा वेळ येत होता. मी तरीही त्यांना विचारलं. त्यांनी मला उत्तर देण्याच्या लायकीचाही समजलं नाही. फक्त म्हणाले, "रुमाल्या तठेच शे व्हई मंग. भिंतना भाईर."

आता तुमचे प्रश्न येतील, म्हणून आधीच सांगतो. कोणी गुराखी असेल? माळावर त्या दुपारी एक शेळी नव्हती. आणि दांड्यावरच्या पाणपातळीतला बुडबुडा मध्यावर आणून प्रिझम मशीनकडे वळवायला शिकवावं लागतं, मी जावेदला शिकवायला पंधरा दिवस घेतले होते. जावेदनेच भ्रमात काम केलं आणि विसरला? माझे डॉक्टर मेहुणे हेच म्हणतात. ते धुळ्यात एसीमध्ये बसून म्हणतात. जावेदच्या अंगाचा ताप त्यांनी हाताने पाहिलेला नाही. मशीनची वेळ चुकली असेल? तपासली. बरोबर होती. फोनची तर कोणाला चुकवताही येत नाही.

रुमाल्या? गावातल्या काही हौशी लोकांनी आता त्या कोपऱ्यात शेंदूर फासलेला दगड ठेवला आहे. गुरुवारी तिथे नारळ फुटतात. धुळ्याहून मुलं मोबाइल घेऊन व्हिडिओ करायला जातात, किंकाळ्या मारतात, आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या कबरींवर टाकून येतात. त्या दगडाला मी हात जोडलेले नाहीत आणि जोडणारही नाही. मेलेली माणसं दांडा धरत नाहीत. हे मी ठामपणे म्हणतो, आणि मग ती बारा रीडिंग उघडून बसतो, आणि मला पुढे काही म्हणता येत नाही.

जावेद बरा झाला. माझ्याकडे परत आला नाही. पारोळ्यात त्याने मोटरवायंडिंगचं दुकान टाकलं आहे. भेटलो तर नीट बोलतो, चहा पाजतो. माफी मी मागितली, तेव्हा त्याने "जाऊ द्या साहेब" म्हटलं, आणि ते त्याने मनापासून म्हटलं की नाही ते मला कळलं नाही.

लोक मला एकच विचारतात. दुर्बिणीतून दिसत होता ना? मग कसा होता तो? उंच होता का? म्हातारा होता का? अंगात नारिंगी जॅकेट होतं का?

माहीत नाही. सत्तावीस मिनिटं तो माझ्या समोर होता, दुर्बिणीत इतका जवळ की हाताच्या शिरा मोजता आल्या असत्या. मी फक्त दांडा सरळ आहे का तेवढंच बघत होतो. धरणारा माणूस कोण आहे, हे मी एकदाही पाहिलं नाही. त्या दिवशीच नाही — त्याआधीच्या चार वर्षांतही नाही. तो कोण होता याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी का पाहिलं नाही, याचं मात्र आहे, आणि ते मला कोणी विचारत नाही.